परिशिष्ट तीन

२४ जून

आज भिवापूर तालुक्यातल्या त्या शाळेत गेले होते. गावाचं नाव इथेही लिहीत नाही. अहवालात ती "शाळा क्रमांक चार" आहे, तर डायरीतही तीच राहू दे. तीस वर्षं शिक्षणशास्त्र शिकवून एवढी शिस्त अंगात मुरली नसेल तर काय उपयोग? सुमंत म्हणाला, "तुझी डायरी वाचणार कोण? मी तर वाचणार नाही बुवा." नवऱ्याने इतकंही प्रामाणिक असू नये.

शाळा कालच उघडली. एक खोली स्लॅबची, एक पत्र्याची, आणि एकच शिक्षिका, प्रेमिलाबाई. दुसरं पद चार वर्षांपासून रिकामं आहे. पहिली ते चौथी एकाच खोलीत, एकेका भिंतीला एकेक वर्ग. ही बाई एका भिंतीला पाढे देते, दुसरीकडे वाचन घेते, तिसरीला चित्रं काढायला लावून चौथीकडे वळते आणि एकही पोर रिकामं बसत नाही. असं कसं शिकवावं यावर मी वर्षाला सहा व्याख्यानं देते. खरं सांगायचं तर मला हे तासभरही जमणार नाही.

आज पटपडताळणी होती, म्हणजे वरून माणसं येऊन डोकी मोजणार. पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद करायच्या यादीत जाते. हजेरीपटावर एकवीस नावं होती आणि बरोबर एकवीस मुलं बसलेली, फक्त त्यातल्या आठांच्या पायात पॉलिश केलेले काळे बूट होते. साहेबांनी मोजलं, चहा प्यायला आणि गेले. मग प्रेमिलाबाईंना हसू आवरेना.

"मॅडम, आज रुपरावची व्हॅन पंक्चर हाय."

रुपराव गावातली आठ मुलं रोज तालुक्याच्या इंग्रजी कॉन्व्हेंटात नेतो. त्या कॉन्व्हेंटला सरकारी मान्यता नाही, म्हणून मुलांची नावं याच शाळेच्या पटावर. गावाचं ठरलेलं आहे: पोरगं पाहिजे तिथे शिकवा, पण नाव गावच्या शाळेतून काढायचं नाही. काढलं तर शाळा जाईल आणि ज्यांच्या घरी व्हॅन लावण्याची ऐपत नाही त्यांची मुलं घरी बसतील. त्यामुळे पडताळणीच्या दिवशी व्हॅन दरवर्षी पंक्चर होते. मला हसूही आलं आणि रडूही.

मग बाईंनी टेबलाच्या खणातून दुसरी वही काढली. खरी हजेरी. तेरा नावं. रोज लिहितात. मी विचारलं, ही कशाला?

"कोन खरंच शिकून राहिलं ते मले तं मालूम पायजे ना," त्या म्हणाल्या. "पयल्यांदाच कोनाले दाखवून राहिली. बाहेर नका सांगू मात्र."

मी शब्द दिला. संमतीपत्रावर सही घेतली, गोपनीयतेचं कलम वाचून दाखवलं. मुलांचं वाचन तपासायला तीस तारखेला पुन्हा यायचं ठरलं. निघताना तिसरीतल्या करिष्माने मला धडा वाचून दाखवला, आणि संपल्यावर "तुमी वाचा आता" म्हणून पुस्तक माझ्या हातात दिलं. पोट्टी भलतीच धीट आहे.

३ जुलै

कमी पटाच्या शाळांवर सरकारने समिती नेमली आहे आणि तिने माझा अहवाल मागवला! अध्यक्ष मधुकरराव म्हणून एक निवृत्त अधिकारी आहेत. फोनवर दोनदा म्हणाले, "मॅडम, असं काम विदर्भात कोणी केलं नाही." एकदाच म्हणाले असते तरी चाललं असतं, पण दोनदा म्हणाले ते बरं वाटलं.

माझं म्हणणं सरळ आहे. पट हे निमित्त आहे, शाळा बंद करण्यामागे राजकारण आहे. तेरा मुलांच्या शाळेतली मुलं शंभरांच्या शाळेपेक्षा चांगली वाचतात, हे मी नऊ शाळांत मोजून दाखवलंय. हे ऐकल्यावर कोण बंद करेल शाळा क्रमांक चार? ती एक शाळा वाचली तरी माझं आयुष्य सार्थकी लागलं म्हणेन.

९ जुलै

दिवसभर परिशिष्ट तीनवर बसले. नऊ शाळा, दोन रकाने: नोंदलेला पट आणि प्रत्यक्ष हजर मुलं. माझ्या हाताखाली पीएच.डी. करणारी भूमिका कोराडीहून दोन बस बदलून येते. टेबलाशी उभी राहून चुळबुळ करत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, परिशिष्ट तीन गाळू या का?"

"काहून?"

"असंच. भीती वाटून राहिली."

संशोधनात भीती हा शब्द नसतो, असं तिला सुनावलं. आकडे लपवले तर उद्या कोणीही उठून विचारेल, मुलं चांगली वाचतात हे किती मुलांवरून ठरवलं? आणि नावं कुठे आहेत त्यात? शाळा क्रमांक चार, शिक्षिका "प", तालुका "मिरची पिकवणारा". झालं.

संध्याकाळी सुमंतने तो कागद नाकासमोर धरला. जिल्ह्याच्या कार्यालयात पस्तीस वर्षं आस्थापना शाखेत काढली त्याने, अजून तोच तोरा. "पट एकवीस, एकच शिक्षिका, मिरचीचा तालुका. मी टेबलावर असतो तर चहा थंड व्हायच्या आत नाव काढून दिलं असतं."

मी म्हटलं, सगळं जग तुझ्यासारखं कारकुनी डोक्याचं नसतं. गोळाभात केला होता, जेवला आणि उठला.

१६ जुलै

सादरीकरण झालं. चाळीस मिनिटं बोलले. कोणी मोबाइल काढला नाही, यावरून काय ते समजावं. मधुकररावांनी स्वतः उठून काजूकतलीची बशी पुढे केली. प्रश्न मात्र फारसे आले नाहीत. वाचनाच्या निकालांवर तर एकही नाही. मधुकररावांनी एवढंच विचारलं, "परिशिष्ट तीनची फाइल मिळेल का, एक्सेलमध्ये?" चला, एक तरी माणूस परिशिष्टं वाचतो! तिथेच बसून पाठवली.

घरी येताना प्रताप नगरच्या चौकात रिक्षावाल्याशी उगाच गोड बोलले.

४ ऑगस्ट

यादी लागली. भिवापूरमधून पहिलं नाव शाळा क्रमांक चारचं. नऊपैकी माझ्या आणखीही शाळा आहेत, किती ते अजून मोजायची हिंमत झाली नाही.

दुपारी प्रेमिलाबाईंचा फोन.

"मॅडम, नोटीस आली. खोटा पट दाखवला म्हनून. साहेबाच्या हातात कागद होता, त्याच्यात तेरा लिवलं होतं. माह्या वहीतले तेरा, मॅडम. पन वही तं खनातच हाय."

मी काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी "मी बघते" असं. काय बघणार कपाळ!

गावातली मुलं आता चार किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत जोडणार. मधे नाला आहे, पावसात कमरेएवढा चढतो. गाडी देऊ म्हणतात. करिष्माच्या आजीने आधीच सांगून टाकलं म्हणे, पोट्टी शेळ्या राखेल.

कुणीतरी फोडलं. कुणी?

५ ऑगस्ट

शाळांची खरी नावं दोघींनाच माहीत होती. मी आणि भूमिका.

विचारलं तिला. विचारलं कसलं, तोंडावर म्हटलंच. "मॅडम, तुम्ही मले म्हणून राहिल्या? मीच तं म्हटलं होतं परिशिष्ट गाळा."

"चोराच्या उलट्या बोंबा," असं मी म्हणाले. हो, म्हणाले. लिहून ठेवते, कारण मला पक्की खात्री आहे. तिचे एक मामा शिक्षण खात्यातच आहेत. आणि गाळू या का, गाळू या का, हे ती इतकं का म्हणत होती? मनात काही असल्याशिवाय?

तिने अहवालाच्या कागदपत्रांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. "माझं नाव काढून टाका अहवालातून." एवढंच बोलली आणि गेली.

८ ऑगस्ट

जेवण जात नाही. सुमंत उरलेलं झाकून ठेवतो, हे जास्त छळतं.

११ ऑगस्ट

आज मधुकररावांना फोन लावला. गोपनीय माहिती फुटल्याची लेखी तक्रार करणार आहे, असं ठणकावून सांगितलं. ते मोठ्याने हसले. वाईट हसले नाहीत, मोकळं हसले.

"फुटली कसली मॅडम? तुमचंच परिशिष्ट. पटाचा आकडा आमच्या यादीशी लावून पाहिला, एका कनिष्ठ लिपिकानं केलं, अर्ध्या दुपारचं काम. नऊपैकी सात शाळा सापडल्या. फार स्वच्छ काम असतं तुमचं. आम्ही आमची माणसं पाठवून कधी खरा आकडा मिळाला नव्हता."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. सुमंतने माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकला. मी सांगितलंच नव्हतं, तरी त्याला कळलं. तो म्हणू शकला असता की मी तुला सांगितलं होतं. म्हणाला नाही. त्याच्या जागी मी असते तर सात जन्म म्हणत राहिले असते.

देवा, काय करून बसले मी हे!

१२ ऑगस्ट

कोराडीला गेले. कोळशाच्या ट्रकांमागे बस एक तास रखडली. वीज केंद्राच्या कॉलनीत भूमिकाच्या आईने दार अर्धंच उघडलं. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर राखेचा थर बसला होता, आणि मी बोलायला सुचेना म्हणून ती चादर झटकू लागले. बाई म्हणाल्या, "राहू द्या. रोजचंच आहे." भूमिका झोपली आहे म्हणाल्या. सकाळचे साडेअकरा वाजले होते. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

माफी मागायची होती ती दाराशीच ठेवून आले. पोचली असेल का, देव जाणे.

२३ ऑगस्ट

आज गावात गेले. काल पोळा झाला, आज मारबत. जायला नको होतं या दिवशी, पण माझं डोकंच ठिकाणावर नाही. फाट्यावर उतरले तर समोरून पोरं पळसाच्या फांद्या नाचवत, गावातली सगळी पीडा वेशीबाहेर टाकायला निघालेली. "खोकला-खासी घेऊन जाय गे मारबत! माशा-मुरकुटं घेऊन जाय गे मारबत!" आणि मग करिष्माचा खणखणीत आवाज आला, "रपोट घेऊन जाय गे मारबत!"

सगळे हसले. मला पाहिलं तसे गप्प झाले. कुणीतरी तिच्या पाठीत धपाटा घातला. मी म्हटलं, मारू नका, बरोबर म्हणतेय ती.

शाळेच्या ओट्यावर बसलो. प्रेमिलाबाई, रुपराव, करिष्माची आई भावना. मी सगळं सांगितलं. कुणी फोडलं नाही, मीच आकडे छापून दिले, माझ्या हातानं. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"मॅडम," शेवटी म्हणाल्या, "अठरा वर्षांत लय साहेब आले. सारेच विचारत, पट किती? तुमी एकट्यांनीच विचारलं, शिकवता कशा? म्हनून वही दाखवली मी."

याच्यापेक्षा त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

बाईंची सुनावणी चार सप्टेंबरला समितीपुढेच आहे. मला साक्षीला बोलावलंय. रुपरावने खाकरून घसा साफ केला. "मॅडम, एक विचारू? तुमी तिथं म्हनू शकत नाई का, आकडा चुकला म्हनून? मोजताना चुकलं, बस. आमी सारे म्हनू पट एकवीसच हाय. वही जाळून टाकू."

"रुपराव!" प्रेमिलाबाई ओरडल्या.

"काहून? शाळेसाठी आपन दरसाल व्हॅन पंक्चर करतो. मॅडमनं एकदा करावी."

मी हो म्हणाले. तिथल्या तिथे. भावनाने माझे दोन्ही हात धरले. "माही पोट्टी शिकन ना मॅडम?" मी म्हटलं, शिकेल.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. मी गणपतीपुढे बसून खोटं बोलायचा सराव करते, कुठे फेडशील हे पाप. "पडताळणीनंतरच्या क्षेत्रभेटीत मी आलेल्या मुलांचीच नोंद केली, इतर मुलं सणामुळे गैरहजर होती." सुमंत साहेब होऊन प्रश्न विचारतो. "कुठला सण, मॅडम? जूनमध्ये?" मी अडखळते. "सण नको, आजार म्हण," तो सुचवतो. "गोवर म्हण." आयुष्यभर याने फायलींत असली उत्तरं वाचली, आता कामाला आली.

एक वाक्य. माझी अब्रू जाईल, लोक म्हणतील अरुंधतीबाईंना मोजताही येत नाही. जाऊ दे. तेरा मुलांपुढे माझी अब्रू काय चाटायची आहे?

४ सप्टेंबर

सिव्हिल लाइन्सचं ऑफिस. लांब टेबल, त्यामागे मधुकरराव आणि दोघे. कोपऱ्यात प्रेमिलाबाई, मांडीवर पर्स घट्ट धरून. दाराबाहेर रुपराव आणि भावना.

मी बरोबर बोलले. सुरुवातीला अगदी बरोबर. "पडताळणीनंतरच्या आठवड्यात गावात गोवराची साथ होती. आठ मुलं घरी होती. परिशिष्टातला आकडा त्यामुळे चुकीचा आहे." वाक्य पूर्ण झालं. प्रेमिलाबाईंनी डोळे मिटले.

मधुकररावांनी पेन खाली ठेवलं. "ठीक. मग मोजलं कोणी होतं? ती तुमची विद्यार्थिनी, भूमिका, तिनं का? तिची चूक असेल तर तसं नोंदवू. प्रश्न मिटला."

"तिचा संबंध नाही. मी मोजलं."

"तुम्ही स्वतः? तीस वर्षं अध्यापन, आणि वर्गातली हजर-गैरहजर मुलं कळली नाहीत?" ते हसले, अगदी आदराने. "मग बाकीच्या आठ शाळांचंही तसंच समजायचं? आणि आधीच्या अभ्यासांचं? मॅडम, स्पष्ट बोला. तुमच्या मोजणीवर भरवसा ठेवू नये, असं लिहू का?"

आणि मी म्हणाले, "माझ्या मोजणीत चूक होत नाही."

ऐकलं मी ते. माझ्याच तोंडून. टायपिस्ट बाईंनी लगेच टाइप केलं.

"म्हणजे तेरा बरोबर?"

मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी म्हणाले, "बरोबर आहे."

इथे लिहिणार होते की भूमिकावर येऊ नये म्हणून मी तसं बोलले. एकदा तिला दुखावलं, पुन्हा नको, म्हणून. खोटं आहे. तिला तर मी आधीच वाचवलं होतं. त्यानंतरचं वाक्य माझ्यासाठी होतं, फक्त माझ्यासाठी. कुणी माझ्या कामाला नाव ठेवलं आणि मला सहन झालं नाही. एका गावाने शाळा वाचवायला वर्षानुवर्षं खोटं सांभाळलं, आणि मला ते पाच मिनिटं सांभाळता आलं नाही. लाज वाटते म्हणणंसुद्धा आता नखरा वाटतो.

बाहेर आले. रुपरावने माझ्याकडे पाहिलं आणि जिना उतरू लागला. प्रेमिलाबाई जिन्याशी थांबल्या, "एसटी साडेचारची हाय," एवढंच म्हणाल्या. भावना मात्र माझ्याकडे बघत राहिली, तिला अजून कळलंच नव्हतं.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. विद्यार्थ्यांनी गुलाब पाठवले. सुमंतला म्हटलं, दारातूनच परत पाठव.

९ सप्टेंबर

प्रेमिलाबाई निलंबित होणार हे पक्कं. त्याआधी सगळ्या मुलांचे दाखले लिहून मोठ्या शाळेत पाठवायचे, असा आदेश आहे. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले. बाईंनी मला पाहिलं, सरकून बाकावर जागा केली आणि दाखल्यांचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "मी सांगतो, तुमी लिवा. माह्या हाताले कंप सुटून राहिला."

पालक ओट्यावर बसले होते. आत मुलं नव्हती. कॉन्व्हेंटच्या आठांनी आपली नावं काल काढून नेली, आता ठेवून उपयोग काय? राहिले तेरा.

नाव. आईचं नाव. जन्मतारीख. प्रगती: बाई दरवेळी "उत्तम" म्हणत होत्या, एकदाही "बरी" म्हणाल्या नाहीत. मग शाळा सोडण्याचं कारण. मी थांबले.

"'पालकांच्या इच्छेनुसार' लिवा," बाई म्हणाल्या. "वरून तसंच सांगितलं हाय. शाळा बंद झाली असं लिवाचं नाई."

लिहिलं. पालकांच्या इच्छेनुसार. पहिल्या दाखल्यावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. पेन एकदाही अडखळलं नाही. सुंदर, सरळ अक्षर. समितीपुढे माझी जीभ खोट्याला तयार झाली नाही, आणि इथे हात कसा सपासप चालला होता.

सहावा दाखला करिष्माचा. भावना आत आली, उभ्या उभ्या वाकून पाहू लागली. तिला वाचता येतं, पण हळू.

"कारनात काय लिवलं जी?"

"पालकांच्या इच्छेनुसार."

"म्हंजे माह्या?"

प्रेमिलाबाई खिडकीकडे पाहत होत्या. मी म्हटलं, "हो."

मग तिने पेन घेतलं आणि मी बोट ठेवलं होतं तिथे सही केली. मी पुस्तकाचं पान उलटलं. अजून सात दाखले लिहायचे होते.